पाळी लांबली म्हणजे नेमके काय झाले?

मराठीत मासिक स्रावाला ‘पाळी’ म्हणतात. पाळी म्हणजे क्रम. एकानंतर दुसऱ्याने यायचे, ही ती कल्पना. शास्त्राच्या दृष्टीने हा शब्द फार अचूक आहे, कारण रक्तस्राव ही त्या चक्रातील शेवटची घटना असते आणि तिच्याआधी दुसऱ्या एका घटनेची पाळी येऊन जावी लागते. ठरल्या दिवशी स्राव सुरू झाला नाही, की मात्र आपण ‘पाळी चुकली’ असे म्हणतो आणि या ‘चुकली’ शब्दाबरोबर कोणाची तरी चूक झाल्याची भावना नकळत चिकटते. विवाहितेला ‘दिवस तर गेले नाहीत ना’ ही धाकधूक, अविवाहित मुलीला घरच्यांच्या नजरेचे भय, चाळिशी ओलांडलेल्या स्त्रीला एक पर्व संपत आल्याची हुरहुर, तर मूल हवे असलेल्या जोडप्याला आशा. एकाच उशिराचे असे अनेक अर्थ घरोघरी लावले जातात.

या घालमेलीत बहुधा दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर औषधाच्या दुकानात जाऊन ‘पाळी येण्याची गोळी’ मागितली जाते, किंवा ‘येईल आज-उद्या’ असे म्हणत महिनेच्या महिने जाऊ दिले जातात. दोन्हींत धोका आहे. तो टाळायचा तर पाळी लांबते तेव्हा शरीरात काय घडलेले असते, हे नीट समजून घ्यायला हवे. गर्भधारणेची शक्यता बाजूला ठेवली तर त्याचे उत्तर थोडक्यात असे, की पाळी ज्या दिवशी आली नाही त्या दिवशी उशीर झालेला नसतो. बहुतेक वेळा तो दोन-तीन आठवडे आधीच होऊन गेलेला असतो.

उशीर म्हणायचा कशाला?

स्राव सुरू झाला तो पहिला दिवस धरून पुढचा स्राव सुरू होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत जेवढे दिवस होतात, तेवढी त्या चक्राची लांबी. अनेकजणी पाळी संपल्याच्या दिवसापासून मोजतात आणि तिथेच चार-पाच दिवसांचा घोळ होतो. काहीजणी ‘गेल्या महिन्यात पाच तारखेला आली होती, म्हणून या महिन्यातही पाच तारखेलाच’ असा हिशेब करतात. महिने कधी तीस दिवसांचे, कधी एकतीस दिवसांचे आणि फेब्रुवारी अठ्ठावीसचा. शरीराला तारखा ठाऊक नसतात.

अठ्ठावीस दिवस ही केवळ सरासरी आहे, नियम नव्हे. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१८ मध्ये सुधारलेल्या व्याख्येनुसार २४ ते ३८ दिवसांनी येणारी पाळी नेहमीची समजली जाते. एकाच स्त्रीच्या सर्वांत लहान आणि सर्वांत लांब चक्रात आठवडाभराचा फरक असणे हेही सर्वसाधारणच आहे. एखादीला तीन महिन्यांत २७, ३१ आणि २९ दिवसांनी पाळी आली, तर तिची पाळी अनियमित नाही, नियमितच आहे. म्हणून उशीर मोजायचा तो मैत्रिणीच्या किंवा बहिणीच्या पाळीशी तुलना करून नव्हे, तर स्वतःच्या गेल्या सहा महिन्यांच्या नोंदीवरून. आपली पाळी साधारण ३० दिवसांची असेल आणि ३३ वा दिवस उजाडला असेल, तर त्याला उशीर म्हणण्याचे कारण नाही. आठवडा उलटला की मात्र विचार करायला हवा.

घड्याळ कोठे असते?

मासिक चक्राचे दोन भाग असतात. पहिल्या भागात मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी बीजकोशांना संदेश पाठवते. त्या संदेशाने बीजकोशातील काही पुटिका वाढू लागतात आणि त्यांतली एक पुढे निघते. ती इस्ट्रोजेन हे संप्रेरक तयार करते आणि त्याच्या प्रभावाने गर्भाशयाचे अस्तर जाड होऊ लागते. पुटिका पुरती पिकली की फुटते आणि स्त्रीबीज बाहेर पडते. ही बीजोत्सर्गाची घटना चक्राची मध्यरेषा होय. दुसऱ्या भागात फुटलेल्या पुटिकेचे रूपांतर पीतपिंडात होते. हा पीतपिंड प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक स्रवतो आणि जाड झालेले अस्तर टिकवून धरतो. गर्भ रुजला नाही, तर सुमारे दोन आठवड्यांत पीतपिंड सुकतो, प्रोजेस्टेरॉनचा आधार सुटतो आणि अस्तर गळून पडते. हीच पाळी.

यांतला दुसरा भाग बऱ्यापैकी ठरावीक असतो. बीजोत्सर्गापासून पाळीपर्यंत बहुतेक स्त्रियांत १२ ते १४ दिवस लागतात. एखाददुसरा दिवस इकडेतिकडे. पहिला भाग मात्र लवचिक असतो. तो दहा दिवसांचा असू शकतो, वीस दिवसांचा किंवा महिन्याभराचाही. १९२० च्या दशकात जपानमधील क्यूसाकू ओगिनो आणि ऑस्ट्रियातील हेर्मान क्नाउस या दोन वैद्यकांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे हाच शोध लावला. बीजोत्सर्ग मागच्या पाळीपासून पुढे मोजायचा नसून पुढच्या पाळीपासून मागे मोजायचा, हे त्यांनी दाखवून दिले.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. अठ्ठावीस दिवसांचे चक्र असलेल्या एका स्त्रीची पाळी १ जूनला सुरू झाली. नेहमीप्रमाणे १५ जूनच्या सुमारास बीजोत्सर्ग झाला असता, तर २९ जूनला पाळी आली असती. पण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तिला सडकून ताप आला, शरीराने बीजोत्सर्ग पुढे ढकलला आणि तो २४ जूनला झाला. आता पाळी येईल ती ८ जुलैच्या आसपास. १ जुलैला ती काळजीत पडते, ‘काल-परवापर्यंत तर सारे ठीक होते’ असे म्हणते आणि कारण मात्र तीन आठवडे मागे राहिलेले असते. ताप तर ती विसरूनही गेलेली असते. म्हणूनच पाळी लांबली की ‘आज काय बिघडले’ असे न विचारता ‘गेल्या महिन्याभरात काय झाले’ असे विचारावे.

यातून आणखी एक गोष्ट उमगते. बीजोत्सर्ग एकदा होऊन गेला, की नंतरच्या चिंतेने पाळी सहसा अडून राहत नाही. ‘काळजी केलीस म्हणून आली नाही’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते; पाळीची तारीख उलटल्यावर केलेल्या काळजीला ते लागू पडत नाही. आणि कॅलेंडरवर मोजलेला ‘सुरक्षित काळ’ इतक्यांदा दगा का देतो, तेही कळते. ज्या घटनेवर तो बेतलेला असतो, तीच सरकणारी असते.

आधी गर्भधारणेची शंका फेडावी

बीजोत्सर्ग वेळेवर होऊनही पाळी न येण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे गर्भधारणा. गर्भ रुजला की त्याच्या पेशी एचसीजी नावाचे संप्रेरक तयार करतात आणि ते पीतपिंडाला सुकू देत नाही. घरी करावयाच्या लघवीच्या तपासणीत याच संप्रेरकाचा शोध घेतला जातो. शरीरसंबंध आलेला असेल, तर वय कोणतेही असो, गर्भनिरोधक वापरलेले असो वा नसो, पाळी लांबताच ही तपासणी प्रथम करावी. सकाळच्या पहिल्या लघवीत ती अधिक खात्रीशीर ठरते.

तपासणीत गर्भधारणा दिसली नाही, तरी पाळी आलीच नाही तर आठवड्याने ती पुन्हा करावी, असे डॉक्टर सांगतात. त्याचे कारण वरच्या उदाहरणातच आहे. बीजोत्सर्ग २४ जूनला झाला असेल, तर १ जुलैला गर्भ जेमतेम रुजण्याच्या बेतात असतो. लघवीत एचसीजी दिसण्याइतके ते अजून साठलेलेच नसते. तीच तपासणी ८ जुलैनंतर खरे उत्तर देते. पहिल्या नकारावर विसंबून निश्चिंत झालेल्या अनेक स्त्रियांना पुढे दोन-तीन महिन्यांची गर्भधारणा निघते, ती यामुळेच.

पाळी लांबली, त्यानंतर थोडेसे डाग दिसले आणि ओटीपोटात एका बाजूला दुखू लागले, तर ‘आली एकदाची’ म्हणून स्वस्थ बसू नये. गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहिनीत रुजला असेल, तर असे होते. सोबत भोवळ, घाम किंवा खांद्यात वेदना असेल, तर वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. बीजवाहिनी फुटली तर पोटात होणारा रक्तस्राव जिवावर बेतू शकतो.

गर्भधारणा असल्यास दिवस मोजण्याची पद्धत लक्षात घ्यायला हवी. वैद्यकशास्त्र गर्भाचे वय शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरते. म्हणजे पाळी चुकते त्याच दिवशी गर्भधारणा सुमारे चार आठवड्यांची गणली जाते. भारतात गोळ्यांनी गर्भपात करण्याची मुभा नऊ आठवड्यांपर्यंत आहे आणि तोही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. पाळी चुकल्यावर महिना-सव्वा महिना वाट पाहिली, तर हा मार्ग बंद होतो. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. आता २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने आणि ठरावीक परिस्थितीतील स्त्रियांना २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने कायदेशीर गर्भपात करता येतो. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या मुदतीत विवाहित आणि अविवाहित असा भेद करता येणार नाही, असे स्पष्ट केले. अठरा वर्षे पूर्ण केलेल्या स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते. पतीची किंवा आईवडिलांची सही कायदा मागत नाही आणि तिचे नाव गुप्त राखणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. घाबरून दुकानातून परस्पर गोळ्या आणणाऱ्या मुलींना हे ठाऊक असते, तर अनेक अनर्थ टळले असते. गर्भ बीजवाहिनीत असेल, तर या गोळ्यांचा उपयोग तर होत नाहीच, उलट मौल्यवान वेळ जातो.

मेंदू थांबायला सांगतो तेव्हा

गर्भधारणा नसेल, तर बीजोत्सर्ग का लांबला हा प्रश्न उरतो. बीजकोशांना आदेश देणाऱ्या पीयूषिकेलाही वरून आदेश येतात, ते हायपोथॅलॅमस या मेंदूतील भागाकडून. तिथून चक्राच्या पहिल्या भागात साधारण दर तास-दीड तासाने संप्रेरकाचा एकेक ठोका सुटतो. या ठोक्यांची लय बिघडली, की पुटिका पिकण्याचे काम मंदावते. शरीरावर संकट आले आहे, ही वेळ गर्भ वाढवण्याची नव्हे, असा जणू निर्णय मेंदू घेतो.

संकट अन्नाचे असू शकते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्सच्या पश्चिम भागात भीषण उपासमार झाली. तेथील असंख्य स्त्रियांची पाळी थांबली आणि नऊ महिन्यांनी जन्मांची संख्या झपाट्याने खाली आली. अन्न मिळू लागल्यावर बहुतेकींची पाळी परतली. आज आपल्या शहरांत असा दुष्काळ नाही, पण लग्नाआधी दोन महिन्यांत दहा किलो वजन उतरवण्याचा हट्ट, सलग कडक उपवास, जेवण तोडून केलेला अतिव्यायाम, हे सारे मेंदूला दुष्काळासारखेच वाटते. शरीरातील चरबी लेप्टिन हे संप्रेरक तयार करते आणि त्याच्या पातळीवरून मेंदूला शिधा किती शिल्लक आहे ते समजते. लांब पल्ल्याच्या धावपटू आणि नर्तकी यांची पाळी महिनोन्महिने थांबते ती याच कारणाने. ‘पाळी नाही, तेवढीच कटकट नाही’ असे मानून खेळाडू मुलींनी आणि त्यांच्या प्रशिक्षकांनी हे चालू देऊ नये. इस्ट्रोजेन कमी पडल्याने हाडे ठिसूळ होतात आणि तरुण वयात झालेली ही हानी पुढे पूर्णपणे भरून येत नाही.

संकट मनाचेही असते. दहावी-बारावीची परीक्षा, घरातील मृत्यू, नोकरी जाणे, परगावी वसतिगृहात राहायला जाणे, रात्रपाळी सुरू होणे, अशा काळात एखादी पाळी लांबणे अगदी स्वाभाविक आहे. विषमज्वर, डेंग्यू यांसारखे आजार आणि मोठी शस्त्रक्रिया यांनीही तसेच होते. कारण दूर झाले की पुढच्या एक-दोन चक्रांत गाडी रुळावर येते.

करोनाप्रतिबंधक लशीबाबत २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरून मोठी घबराट पसरली होती. पाळीच्या पाच दिवस आधी आणि नंतर लस घेऊ नये, असा एक निराधार संदेश फिरत होता आणि केंद्र सरकारला त्याचे जाहीर खंडन करावे लागले. पुढे २०२२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लशीनंतरचे चक्र सरासरी एका दिवसाहूनही कमी काळाने लांबल्याचे आणि लवकरच पूर्ववत झाल्याचे आढळले. स्त्रियांच्या तक्रारीत तथ्य होते, पण ते भीती वाटावी एवढे मोठे नव्हते.

ग्रंथी आणि गोळ्या

गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावले किंवा अति वाढले, तरी पाळीचे वेळापत्रक बिघडते. थकवा, वजन वाढणे, थंडी सहन न होणे, केस गळणे अशी लक्षणे सोबत असतील, तर टीएसएच ही रक्ततपासणी करून घ्यावी. दुसरे संप्रेरक प्रोलॅक्टिन. बाळंतपणानंतर दूध आणण्याचे काम त्याचे आणि तेच बीजोत्सर्गाला अटकाव करते. बाळंतपण नसतानाही ते वाढले, तर पाळी लांबते आणि कधी स्तनांतून दुधासारखा स्राव येतो. पीयूषिकेवरील छोटी, बहुधा कर्करोग नसलेली गाठ हे त्याचे एक कारण आहे आणि बहुतेक वेळा ते गोळ्यांनी आटोक्यात येते.

पण त्याहून साधे कारण अनेकदा आपल्या औषधांच्या डब्यात असते. आम्लपित्तासाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत आम्ल कमी करणाऱ्या औषधाबरोबर डोम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड मिसळलेले असते. ही दोन्ही औषधे प्रोलॅक्टिन वाढवतात. मानसिक आजारांवरील काही औषधांनीही ते वाढते. डॉक्टरांकडे जाताना घेत असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत, असे सांगितले जाते ते यासाठीच. मानसिक आजाराचे औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

आपल्याकडे आणखी एका कारणाचा विसर पडून चालत नाही, ते म्हणजे क्षयरोग. हा रोग फुप्फुसांपुरता मर्यादित नसतो. तो गर्भाशयाच्या अस्तरात शिरला, तर स्राव हळूहळू कमी होत जातो, पाळी लांबते आणि शेवटी थांबतेही. अशा वेळी बीजोत्सर्ग ठीक असतो. गळून पडायला अस्तरच उरलेले नसते.

पीसीओएस : शब्दाने घाबरू नये

शिकागोतील स्टाइन आणि लेव्हेंथाल या दोन डॉक्टरांनी १९३५ मध्ये सात स्त्रियांचे वर्णन प्रसिद्ध केले. पाळी अनियमित, अंगावर अधिक लव आणि बीजकोश मोठे झालेले, अशी त्यांची लक्षणे होती. आज पीसीओएस किंवा बोलीभाषेत ‘पीसीओडी’ म्हणून घरोघरी माहीत झालेला विकार तो हाच. प्रजननवयातील दर दहा स्त्रियांमागे साधारण एकीला तो असावा, असा अंदाज आहे.

सोनोग्राफीच्या अहवालात ‘सिस्ट’ हा शब्द वाचून अनेकजणींना गाठीची धास्ती वाटते. प्रत्यक्षात त्या गाठी नव्हेत. वाढता वाढता अर्ध्यावर थांबलेल्या त्या पुटिका आहेत. अनेक पुटिका एकाच वेळी निघतात, पण एकही शेवटपर्यंत पिकत नाही. म्हणून बीजोत्सर्ग महिन्याऐवजी दोन-चार महिन्यांनी होतो आणि पाळीही तशीच येते. इन्सुलिनचा परिणाम पुरेसा न होणे आणि पुरुषी संप्रेरकांचे प्रमाण वाढणे ही त्यामागची दोन सूत्रे. मुरुमे, हनुवटीवर राठ केस, मानेची त्वचा काळवंडणे ही त्याची बाहेर दिसणारी चिन्हे. सडपातळ मुलींनाही हा विकार होतो. केवळ सोनोग्राफीवरून त्याचे निदान होत नाही. रॉटरडॅम येथे २००३ मध्ये ठरलेल्या निकषांनुसार अनियमित बीजोत्सर्ग, पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य आणि बीजकोशांचे विशिष्ट रूप या तिन्हींपैकी किमान दोन गोष्टी असाव्या लागतात. किशोरवयात तर निदानासाठी सोनोग्राफीचा आधार घेऊ नये, असे २०२३ चे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन सांगते, कारण त्या वयात निरोगी मुलींचेही बीजकोश तसेच दिसतात.

पाळी तीन महिन्यांहून अधिक काळ आली नाही, तर तिच्याकडे दुर्लक्ष करू नये, याचे कारण इथे आहे. बीजोत्सर्ग नाही म्हणजे प्रोजेस्टेरॉन नाही. एकट्या इस्ट्रोजेनच्या प्रभावाखाली अस्तर जाड होत राहते. वर्षानुवर्षे असे चालले, तर त्यातील पेशींत विकृती येऊन पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. योग्य औषधाने ठरावीक अंतराने अस्तर मोकळे करून हा धोका टाळता येतो. वजन जास्त असेल, तर ते पाच ते दहा टक्के कमी केल्यानेही अनेकींची पाळी सुधारते. आणि पाळी अनियमित आहे म्हणजे दिवस राहणारच नाहीत, असे मुळीच नाही. बीजोत्सर्ग कधी होईल हे सांगता येत नाही, इतकेच.

वयाचे उंबरठे

पाळी सुरू झाल्यावर मेंदू आणि बीजकोश यांचा ताळमेळ बसायला वेळ लागतो. पहिल्या वर्षात एखादी पाळी दोन-अडीच महिन्यांनी येणे आणि पुढची दोन वर्षे २१ ते ४५ दिवसांचे अंतर पडणे हे नेहमीचे आहे. अशा मुलीवर गोळ्यांचा मारा करू नये, तिची उलटतपासणीही घेऊ नये. पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पाळी सुरूच झाली नसेल किंवा एखाद्या वेळी तीन महिन्यांहून जास्त खंड पडला, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

दुसरा उंबरठा बाळंतपणाचा. स्तनपान चालू असताना पाळी थांबते. बाळ सहा महिन्यांच्या आतले असेल, ते केवळ आईच्या दुधावर असेल आणि पाळी परत आलेली नसेल, या तिन्ही अटी पूर्ण झाल्या तर गर्भधारणेपासून सुमारे ९८ टक्के संरक्षण मिळते. यांतली एकही अट सुटली, की भरवसा संपतो. बाळंतपणानंतरचा पहिला बीजोत्सर्ग पहिल्या पाळीच्या आधीही होऊ शकतो. ‘अजून पाळीच आली नाही’ म्हणणारी आई पुन्हा गरोदर असल्याचे निघते, ते याच कारणाने.

तिसरा उंबरठा रजोनिवृत्तीचा. भारतीय स्त्रियांत ती सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी येते, म्हणजे पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा काही वर्षे आधी. तिच्याआधी काही वर्षे पाळी कधी लवकर, कधी उशिरा येते. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली, असे मानतात. तोवर गर्भधारणेची शक्यता असते आणि त्यानंतर पुन्हा रक्त दिसले, तर तपासणी करून घेणे अत्यावश्यक असते. चाळिशीच्या आत पाळी थांबू लागली, तर तिला वय म्हणून सोडून देऊ नये. हाडे आणि हृदय यांच्या दृष्टीने त्यावर वेळीच उपचार लागतात.

पाळी पुढे ढकलणे, पाळी ‘आणणे’

गर्भनिरोधकांमुळेही पाळी लांबते. दर तीन महिन्यांनी घ्यावयाचे ‘अंतरा’ इंजेक्शन आणि संप्रेरकयुक्त तांबी यांनी ती थांबूही शकते. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेली, ‘सहेली’ किंवा ‘छाया’ या नावाने मिळणारी गोळी काहीजणींची पाळी लांबवते. तातडीची गर्भनिरोधक गोळी, जिच्या विनाचिठ्ठी विक्रीला आपल्याकडे २००५ मध्ये परवानगी मिळाली, ती मुख्यतः बीजोत्सर्ग पुढे ढकलूनच काम करते. साहजिकच नंतरची पाळी काही दिवस पुढेमागे होते. आठवड्याहून अधिक उशीर झाला, तर गर्भधारणेची तपासणी करावी.

गौरी-गणपती, सत्यनारायण, लग्नकार्य, तीर्थयात्रा यांसाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेण्याची पद्धत आपल्याकडे रुळली आहे. या गोळ्या प्रोजेस्टेरॉनसारखे औषध पुरवून अस्तराला टेकू देतात. गोळ्या बंद केल्या, की दोन-तीन दिवसांत स्राव होतो. प्रकृती ठणठणीत असलेल्या स्त्रीने डॉक्टरांच्या सल्ल्याने कधीतरी त्या घेणे वेगळे आणि शेजारणीच्या सांगण्यावरून दर सणाला घेणे वेगळे. पायातील शीर धरून रक्ताची गुठळी झालेली असेल, यकृताचा विकार असेल, विशिष्ट प्रकारची अर्धशिशी असेल, तर त्या धोकादायक ठरू शकतात.

याच गोळ्या उलट हेतूने, म्हणजे पाळी ‘आणण्यासाठी’ वापरल्या जातात. डॉक्टरही त्या देतात, पण गर्भधारणा नाही याची खात्री करून. गर्भ असेल, तर या गोळ्यांनी पाळी येत नाही. फक्त आठवडे निघून जातात. आणि स्राव झाला, तरी मूळ कारण तिथेच राहते. या बाबतीत आपल्या देशाला इतिहास आहे. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन यांच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या पूर्वी गर्भधारणा ओळखण्यासाठी दिल्या जात आणि गर्भ पडावा या समजुतीने घेतल्याही जात. गर्भाला अपाय होण्याच्या शंकेमुळे महिला संघटना आणि आरोग्य कार्यकर्त्यांनी त्याविरुद्ध दीर्घ लढा दिला. १९८२ मध्ये काढलेल्या बंदीच्या आदेशाला उत्पादकांनी न्यायालयात आव्हान दिले आणि अखेर १९८८ मध्ये ती औषधे बंद झाली. ‘पाळीची गोळी द्या’ ही मागणी मात्र अजून बंद झालेली नाही.

कच्ची पपई, तिळाचा काढा, गूळ, ‘उष्ण’ पदार्थ यांनी पाळी लवकर आणता येते, याला भरवशाचा आधार नाही. घेतल्यावर पाळी आली, तर ती बहुधा तिच्या दिवशीच आलेली असते. श्रेय काढ्याला मिळते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

गर्भधारणेची तपासणी दोनदा नकारार्थी येऊनही पाळी तीन महिने आली नाही, वर्षातून आठ-नऊ वेळांहून कमी येऊ लागली, सोबत वजनात मोठा फरक, स्तनांतून स्राव, चेहऱ्यावर केस, सततची डोकेदुखी किंवा नजरेत बदल असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटावे. तीव्र पोटदुखी किंवा भोवळ असेल, तर थांबूच नये. डॉक्टर प्रथम इतिहास विचारतील, मग गरजेनुसार गर्भधारणेची तपासणी, टीएसएच, प्रोलॅक्टिन आणि सोनोग्राफी करायला सांगतील. शरीरसंबंधांबद्दलचा प्रश्न हा चारित्र्याचा पंचनामा नसून निदानाचा भाग असतो; त्याचे उत्तर मोकळेपणाने द्यावे. मुलीसोबत आलेल्या आईने त्या वेळी काही मिनिटे बाहेर बसावे, हे सर्वांच्याच हिताचे असते.

या भेटीत सर्वांत उपयोगी पडते ती एक साधी नोंद. वहीत, भिंतीवरच्या कॅलेंडरवर किंवा मोबाइलमध्ये पाळीचा पहिला दिवस लिहावा आणि जवळच त्या महिन्यातील आजारपण, प्रवास, नवे औषध, परीक्षा, उपवास यांचाही उल्लेख करावा. मोबाइलमधील ॲप पुढची तारीख सांगते ती मागच्या सरासरीवरून. ते भाकीत असते, निदान नव्हे. सहा महिन्यांची अशी नोंद समोर असली, तर पुढच्या वेळी पाळी लांबल्यावर तीन आठवडे मागे जाऊन कारण शोधता येते. अनेकदा ते तिथे, त्याच पानावर लिहिलेले सापडते. आणि सापडले नाही, तर डॉक्टरांकडे जाण्याची वेळ झाली आहे, एवढे तरी नक्की कळते.